पाणी पिऊ नका

आमच्या सोसायटीतले देसाई एका दिवाळी अंकाचं काम बघतात. परवा घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही एवढी वर्षं पेशंटमध्ये काढलीत. संयम, आशा, कठीण काळात माणूस कसा तग धरतो, असं काहीतरी लिहा ना. वाचून लोकांना बरं वाटलं पाहिजे." मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, बरं वाटायला हवं असेल तर लोकांनी गोळी घ्यावी. ते हसले. मी हसले नाही.

संयम म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी चोवीस वर्षं भाईंदर पश्चिमेच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन होते. या चोवीस वर्षांत 'धीर धरा' हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की कुणी ते उच्चारले तर अजून माझ्या कपाळावर आठी पडते. ज्यांना उद्या परत यायचं नसतं ना, तीच माणसं हे बोलतात. भेटायला आलेले पाहुणे, फॉर्म अपुरा आहे म्हणून परत पाठवणारे कारकून, वाढदिवसाला बिस्किटं वाटून पेशंटबरोबर फोटो काढणारे पुढारी. बोलायचं आणि जिना उतरायचा. ज्याने धीर धरायचा तो वर बेडवर, हातात दोन सुया टोचलेला, हलता न येणारा.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही सलाईन लावतो. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि अंगातलं जादा पाणी बाहेर पडत नाही. मग हाताच्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून गाळायचं, दुसरीतून परत आत सोडायचं. एका वेळेला चार तास, आठवड्यातून तीन वेळा, आणि नवी किडनी मिळत नाही तोवर जन्मभर. यात सुट्टी नाही. गणपती असोत, मुलीचं लग्न असो, नाहीतर खाडीचं पाणी रस्त्यावर आलेलं असो, यायचंच.

आणि एक गोष्ट. यातल्या बहुतेकांची लघवी हळूहळू बंद होते. हा शब्द या लेखात पुन्हा येणार आहे, तेव्हा फराळ करता करता वाचत असाल तर आधी फराळ संपवा. लघवी बंद म्हणजे प्यायलेलं पाणी जातं कुठे? कुठेच जात नाही. आधी पायात उतरतं, मग पोटात, मग छातीत, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बसल्या जागी बुडायला लागतो. म्हणून आमच्याकडे पाण्याचा हिशोब. दिवसाला अर्धा लिटर, फार तर थोडं वर, त्यातच चहा, ताक, आमटी सगळं आलं. माझ्या नोकरीतलं अर्धं आयुष्य "पाणी पिऊ नका" असं ओरडण्यात गेलं. आपल्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात, आणि मी तहानलेल्या माणसांच्या हातातले ग्लास काढून घेत होते.

पेशंट आला की पहिल्यांदा वजन. गेल्या वेळेपेक्षा दोन किलो वाढलं असेल तर ते दोन किलो पाणीच. तेवढं मशीनने ओढून काढायचं. ओरडा चुकवायला लोक काय काय करतात! आमच्या तीन नंबरच्या कोकिलाबेन, सत्तरीच्या, काट्यावर उभ्या राहिल्या की एक हात हळूच भिंतीला टेकायच्या. तेवढंच अर्धा किलो कमी. मी पकडलं की म्हणायच्या, "बेटा, चक्कर आता है." मी म्हणायचे, "कोकिलाबेन, चक्कर बरोब्बर काट्यावरच कशी येते?" त्यांना भाताबरोबर कढी लागायची आणि कढी त्यांच्याच्याने सुटायची नाही.

आमचं सेंटर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, म्हणजे लिफ्टचं दार होतं. महिन्यातले आठ-दहा दिवस ती बंद. ज्यांच्या छातीत पाणी भरलंय अशी माणसं कठड्याला धरून, दर सहा पायऱ्यांनी थांबत वर यायची. मी पाच अर्ज दिले. पाचही वेळा उत्तर आलं, काम प्रक्रियेत आहे, कृपया धीर धरा. सहावा अर्ज मी लिहिला नाही. खाली गेले आणि ज्यांच्याकडे लिफ्टची किल्ली होती त्या गृहस्थांना म्हटलं, या, माझ्याबरोबर दोन पिंपं पाणी उचलून जिना चढा. ते चढले नाहीत, पण त्या आठवड्यात लिफ्ट सुरू झाली.

आता हसुरामदादांबद्दल. हा लेख खरं तर त्यांचाच आहे.

हसुराम पाटील राई गावचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. थोरल्या भावांच्या वाट्याच्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, पण हसुराम मिठातच राहिले. चाळिशी ओलांडता ओलांडता ब्लड प्रेशरने दोन्ही किडन्या गेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना पथ्य सांगायला घेतलं, "मीठ अगदी कमी, लोणचं-पापड-सुकी मासळी बंद." ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग बायकोकडे, आणि मग खो खो हसत सुटले. "आयकलास का गो भारती? जल्मभर मीठ काढला, आता मीठच बंद!" त्यांची बायको भारती हसली नाही. मीही हसले नाही, पण त्या दिवसापासून त्यांना चार नंबरचा बेड आणि सुया टोचायला माझाच हात हवा असायचा.

मला सगळे 'मावशी' म्हणायचे याचा मला राग. डिप्लोमा केलाय मी, मशीन उघडून दुरुस्त करता येतं मला. हसुरामदादा मला 'बाय' म्हणायचे, आणि गावच्या रीतीप्रमाणे अगंतुगंच करायचे. त्याचा कधी राग आला नाही. का कोण जाणे.

त्यांना किडनी द्यायला घरात कुणी नव्हतं. भारतीला मधुमेह, भावांपैकी एकाचा रक्तगट जुळेना आणि दुसरा विषय काढला की उठून जायचा. आई थकलेली. म्हणून मृत व्यक्तीच्या किडनीसाठी मुंबईच्या एका हॉस्पिटलातून नाव यादीत घातलं. यादी म्हणजे काय? कुणाचा तरी माणूस अचानक जातो, त्या दुःखातही त्या घरातले लोक हो म्हणतात, मग यादीतल्या जुळणाऱ्या दोघा-तिघांना एकदम फोन जातो. सगळ्यांनी उपाशीपोटी धावत जायचं. तपासण्या होतात. एकाला मिळते. बाकीच्यांनी घरी जायचं.

हसुरामदादा मंगळवार, गुरुवार, शनिवारचे. दर वेळी काट्यावरून उतरले की पहिला प्रश्न, "बाय, माजा नंबर कितवा?" मी सांगायचे, दादा, यादी माझ्याकडे नसते. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. दोन वर्षं.

पहिला फोन आला तेव्हा ते नवा शर्ट घालून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच शर्टात आमच्याकडे आले, कारण डायलिसिसचा वार होता. दुसऱ्या माणसाला मिळाली होती. "त्याला जास्ती गरज व्हती," एवढंच म्हणाले. दुसरा फोन आला तेव्हा गाडी काशिमिऱ्याला अडकली, मग चेकनाक्याला अडकली. तरी वेळेत पोचले. तपासणीत कळलं, अंगात बारीक ताप आहे. ताप असलेल्या माणसात किडनी बसवत नाहीत. पुन्हा परत.

त्या परतीनंतरच्या गुरुवारी ते काट्यावरून उतरले आणि म्हणाले, "बाय, माजा नंबर कितवा?"

त्या दिवशी दोन मशीनं बंद होती, हाताखालची एक मुलगी सुट्टीवर होती, आणि एका पेशंटचे चार नातेवाईक शहाळं घेऊन दारात उभे होते. किडनीच्या पेशंटला शहाळं! मी दादांकडे न बघताच म्हटलं, "मला काय विचारताय? देवाला विचारा."

ते "बराय" म्हणाले आणि बेडवर जाऊन झोपले. मी विसरूनही गेले.

पुढे दोनेक महिन्यांनी, एका मंगळवारी, भारती त्यांना धरून घेऊन आली. पाय उचलत नव्हते. दादा म्हणत होते, काही नाही, जरा अशक्तपणा आहे. मी नाडी धरली. इतकी मंद नाडी मी चालत्या माणसाची पाहिली नव्हती. वजनबिजन राहू दिलं, थेट ईसीजी. कागदावर ते उंच टोकदार सुळके बघितले आणि डॉक्टरांना हाक मारली. इंजेक्शन गेलं, मशीन लागलं. मी दीड तास त्या बेडशेजारून हलले नाही. नाडी हळूहळू वर आली. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

कारण होतं पोटॅशियम. हा एक क्षार. फळांत, कंदांत, शेंगदाण्यांत भरपूर असतो. तुमची-माझी किडनी जास्तीचा बाहेर टाकते. किडनी बंद असलेल्या माणसात तो साचतो, आणि फार साचला की हृदय थांबतं. मी भारतीला विचारलं, काल काय खाल्लं? ती म्हणाली, "काय न्हाय बाय, सोमवार व्हता ना. उपास व्हता."

आता उपासाचं आपलं ताट डोळ्यांपुढे आणा. बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, केळं, खजूर, वर शहाळ्याचं पाणी. कुणाचं हृदय बंद पाडायला यादी करायला बसले असते तरी मला याहून चांगली करता आली नसती. आणि वार कोणता? सोमवार. शनिवारी डायलिसिस झाल्यावर थेट मंगळवारी पुढचं, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा खंड, त्याचं नेमकं शेवटचं टोक. माणूस भक्तिभावाने, शुद्ध मनाने, आंघोळ करून, दर सोमवारी थोडं थोडं विष घेत होता.

मी भारतीवर जी काही बरसले! सगळं सेंटर ऐकत होतं. "डाएटचा कागद दिला होता ना? वाचला का कधी? कुणी सांगितला हा उपास? कोण तो शहाणा? त्याला आणा माझ्यासमोर!"

भारती पदराशी खेळत उभी होती. हळूच म्हणाली, "बाय, तूच बोललीस ना त्यांना. देवाला इचार. म्हणून किडनीसाटी नवस बोलले. मिलेपातुर सोमवार धरले."

मी बीपीचा पट्टा उचलला आणि तो माझ्याच हाताला गुंडाळायला लागले. शेजारच्या बेडवरून कोकिलाबेन म्हणाल्या, "बेटा, तू बैठ जा. बीपी मेरा नापना है, तेरा नहीं."

मी स्टोअरमध्ये जाऊन बसले. इतकी वर्षं 'धीर धरा'वाल्यांना शिव्या घालत होते, आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? एक प्रश्न अंगावरून झटकायला एक वाक्य फेकलं होतं. त्या माणसाला कुणीच काही करायला देत नव्हतं. नुसतं थांब म्हणत होते. मी चुकून का होईना त्याला काहीतरी करायला दिलं, आणि त्याने ते जीव लावून केलं. याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

गुरुवारी ते आले. मी त्यांना म्हटलं, "दादा, चूक माझी होती. पण सोमवार सोडा." ते म्हणाले, नवस कसा सोडू? मग मीच म्हटलं, सोडू नका, बदला. मी सांगते ते व्रत धरा. आणि माझी स्वतःची अर्धा लिटरची स्टीलची बाटली धुऊन त्यांच्या हातात दिली. सकाळी ही भरायची. दिवसभरात जे प्यायचं ते यातलंच. चहा केला तर तेवढं पाणी यातलं कमी करायचं. संपली की संपली. उपासाचं खाणं बंद, बटाटा चिरून पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून मगच शिजवायचा. हे रोज, किडनी मिळेपर्यंत. देवाला मी सांगते.

त्यांनी बाटली फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, "हा जमल." आणि मग जे बोलले ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. "बाय, मिठागराव लोकांना वाटते आमी बसून असताव. उन्हान पानी सुकते, मीठ व्हते, आमी काय करताव? आमी नुसता थांबत न्हाय गो. पानी या वाफ्यातून त्या वाफ्यात नेताव. बांध बगताव. पायान चिखोल तुडवताव, जमीन घट्ट करताव. घाय करून ओढला त मीठ थोडा न चिखोल जास्ती. मीठ त्याच्या टायमालाच येतो, पन आपला काम रोजचा."

देसाईंना संयमावर लिहून हवं होतं ना? तो एवढाच. बाकी सगळं मी रागाच्या भरात लिहितेय.

त्यानंतर दीड वर्ष दादांनी ती बाटली पाळली. वैशाखात राईच्या पत्र्याच्या घरात पाळली, पुतणीच्या हळदीत पाळली. दोन वेळांच्या मध्ये वजन कधी दीड किलोच्या वर वाढलं नाही. नंबर विचारणंही बंद झालं. काट्यावरून उतरले की बाटली वर करून दाखवायचे, बस.

मधल्या काळात कोकिलाबेन गेल्या. त्यांचं नाव यादीत नव्हतंच, वय नव्हतं. नातवाचं लग्न बघायचं होतं, त्या आशेवर आठ वर्षं येत होत्या. लग्नाला तीन आठवडे असताना गेल्या. त्यांच्या कार्याला एक बाई मला म्हणाल्या, सब्र का फल मीठा होता है. मी तिथून उठून आले. कोकिलाबेनना कुठलं फळ मिळालं? ज्यांनी वाट पाहिली त्या सगळ्यांना मिळतं असं कुणी मला सांगू नये. रिकामे झालेले बेड माझ्या लक्षात आहेत.

तिसरा फोन आला तेव्हा दादा माझ्याच बेडवर होते, दोन तास झाले होते. भारतीने फोन त्यांच्या कानाला लावला. ते फक्त "हां, हां" म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. झालं तेवढं पुरे, पाठवा. मी रक्त परत आत सोडलं, सुया काढल्या. सुया काढल्यावर ती भोकं बोटाने दहा मिनिटं दाबून धरावी लागतात, नाहीतर रक्ताची चिळकांडी उडते. मी एकीकडे दाबत होते आणि एकीकडे ओरडत होते. गाडी बोलवा, फाईल कुठाय, काही खाल्लं नाही ना, काशिमिऱ्यावरून जाऊ नका. दादा शांत. म्हणाले, "घाय करू नको, बाय. नीट दाब."

किडनी त्यांना मिळाली. ज्याचा नंबर वर होता त्याच्या तपासण्या जुळल्या नाहीत. कुणाची होती ते आम्हाला कधी कळलं नाही आणि कळतही नाही. त्या घराला मी रोज हात जोडते, आणि मी हात जोडणारी बाई नाही.

पण किडनी बसवली म्हणजे ती लगेच चालते असं नाही. कधी कधी ती झोपलेली असते. दादांची झोपली. गुरुवार गेला, शनिवार गेला, मंगळवार गेला. तिकडे त्यांचं डायलिसिस चालूच होतं. लघवीचा थेंब नाही. इकडे चार नंबरचा बेड मी दोन दिवस दुसऱ्याला देऊ दिला नाही, मग द्यावा लागला. मी रोज सकाळ-संध्याकाळ भारतीला फोन करायचे. "झाली?" "न्हाय बाय." चोवीस वर्षं घड्याळ लावून काम केलेली बाई मी, मला त्या दिवसांत एक तास बसवेना. नवव्या दिवशी मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा भारती म्हणाली, "बाय, धीर धर गो."

मला राग आला नाही. ती जिना उतरणारी नव्हती ना, म्हणून असेल.

दहाव्या दिवशी मी भाईंदरच्या मार्केटमध्ये मेथी घेत होते. जुडी ओली होती, आत चिखल, आणि मी भाजीवाल्याशी त्यावरून भांडत होते. फोन वाजला. दादांचा आवाज. "बाय, झाली!"

"किती?" मी टेक्निशियन आहे, पहिला प्रश्न तोच.

"नर्सनं मापली. सहाशे. तुजी बाटली भरून वर सांडल यवडी."

मी मेथी तशीच हातात धरून उभी. भाजीवाला विचारतोय, "मॅडम, लेना है कि नहीं?" तेवढ्यात भारतीने फोन घेतला. रागावली होती. "बाय, आता हे नर्सा बोलतान तीन लिटर पानी प्या, न हे पीत न्हाय. बाटली संपली बोलतान. दिसाला एकच, बायनं सांगलाय बोलतान. डॉक्टर बोलला तरी आयकत न्हाय. तूच बोल."

तिने फोन त्यांच्या कानाला लावला असावा, श्वास ऐकू येत होता. मी भर बाजारात, ओली मेथी छातीशी धरून, आयुष्यात ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, भाजीवाला दोन पावलं मागे सरला.

"दादा, पाणी प्या! माझं काही ऐकू नका! हवं तेवढं पाणी प्या!"